नवं शहर आखताना ओढे, डोंगर, देवराई आणि गावठाण कसं राखावं

नव्या शहराच्या आराखड्यात पहिली रेघ रस्त्याची पडली, की बाकी सगळं रस्त्यांमधून उरलेल्या जागेत बसवावं लागतं. ओढ्याचं गटार होतं, देवराईच्या मधून ३० मीटरचा रस्ता जातो, आणि गावठाण चारही बाजूंच्या भरावात खड्ड्यासारखं उरतं. हे बहुतेक वेळा कुणी ठरवून करत नाही. ज्या कागदावर आखणी होते त्या कागदावर ओढा, देवराई आणि पालखीची वाट मुळात नसतेच. म्हणून इथे दिलेला क्रम नेहमीच्या उलट आहे. जे हलवता येत नाही ते आधी नकाशावर घ्यायचं, त्याच्या हद्दी पक्क्या करायच्या, आणि रस्ते त्यानंतर आखायचे.

याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय असावं ते सांगितलं आहे. निसर्गसौंदर्याच्या आणि भूदृश्याच्या क्षेत्रांचं जतन, तसंच ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन हे दोन्ही विषय त्यात आहेत. नियोजन प्राधिकरणाशी बोलताना हे कलम हाताशी ठेवा. जतन ही कुणाची हौस नाही, तो आराखड्याचाच भाग आहे.

उदाहरणं मुख्यतः नवी मुंबई, पनवेल-उरण पट्टा आणि कोकणातली घेतली आहेत. १९७० साली सिडको (नवी शहरं वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ) स्थापन झाली आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमिनीवर नवं शहर उभं राहिलं. त्या शहरात काय साधलं आणि काय हुकलं, दोन्ही आज जागेवर जाऊन पाहता येतं.

पहिलं काम कागदांचं

प्रत्येक गावासाठी गावनकाशा, फाळणी नकाशे (जमिनीच्या पोटहिस्स्यांचे), टिपणं (मोजणीच्या मूळ नोंदी), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि चालू सातबारा मागवा. जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुन्यात जुना मिळेल तो स्थलाकृतिक नकाशा आणि जिल्ह्याचं गॅझेटियर. गावनकाशात ओढे, पाणंद, शिवरस्ते, विहिरी, देवस्थानं दिसतात. यातल्या बऱ्याच गोष्टी उपग्रहाच्या चित्रात झाडीखाली झाकलेल्या असतात.

हे नकाशे आजच्या नकाशावर बसवताना एक चूक हमखास होते. सगळ्या तालुक्याचे गावनकाशे एकत्र जोडून एकदम ताणले जातात. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने झालेली आहे आणि प्रत्येक गावाची चूक वेगळ्या दिशेला आहे. त्यामुळे प्रत्येक गाव स्वतंत्र बसवा. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड, जुन्या विहिरी, देवळाचे कोपरे असे किमान आठ-दहा बिंदू जागेवर मोजून घ्या. रस्त्याचे कोपरे घेऊ नका, रस्ते सरकलेले असतात. चूक पाच मीटरच्या वर जात असेल तर तो नकाशा हद्दी ठरवायला वापरायचा नाही. फक्त काय शोधायचं हे कळण्यापुरता त्याचा उपयोग करा.

सातबारावरचा ‘पोटखराबा’ हा शब्द नीट तपासा. कोकणातले कातळसडे, म्हणजे खडकाळ पठारं, याच नावाखाली पडीक म्हणून नोंदलेले असतात आणि उद्योग-वसाहतीला सगळ्यात आधी तेच सुचवले जातात. पण पावसाळ्यात याच सड्यांवर दुसरीकडे न दिसणाऱ्या वनस्पती उगवतात, आणि याच कातळावर कातळशिल्पं कोरलेली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ यांसह कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सडा असेल तर त्यावरून एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना चाला. दुपारच्या उन्हात उथळ रेषा दिसत नाहीत.

गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी

शिवारफेरी दोनदा करायची, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये. मे महिन्यात कोणत्या झऱ्याला, विहिरीला पाणी टिकतं ते कळतं. ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढतं आणि कुठे साचतं ते दिसतं. एकाच फेरीवर भागवलं तर अर्धा नकाशा चुकतो.

बरोबर कोण असावं हे महत्त्वाचं आहे. सरपंच आणि तलाठी तर हवेतच, पण गुराखी, कोळीणी, गुरव, भगत, पाणी भरणाऱ्या बायका आणि ठाकर-कातकरी वाडीतली माणसं नसतील तर फेरीला अर्थ नाही. “गावात वारसा काय आहे?” असं विचारलं तर देऊळ दाखवतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा नेमकं विचारा. पालखी कुठून कुठे जाते? होळी कुठे पेटते? गुरं पाण्यावर कुठल्या वाटेने जातात? मासळी कुठे सुकवतात? होड्या कुठे ओढतात? प्रेतयात्रा कुठून जाते? खारबंदिस्तीची (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे झडप, कोण चालवतं? कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत?

प्रत्येक जागेची नोंद एकाच नमुन्यात घ्या: अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, जागेचं स्थानिक नाव, चार दिशांनी फोटो, वापर कोण करतं, वर्षातून केव्हा, आणि वापराला किती जागा लागते. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. होळीचा माळ नकाशावर एका ठिपक्याने दाखवला, तर आराखड्यात त्याला ठिपक्याएवढीच जागा मिळते. माणसं किती जमतात, होळीची उंची किती, पालखी नाचवायला किती मोकळी जागा लागते, हे मोजून हद्द आखा.

पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथली चूक पुढे कशानेही भरून निघत नाही.

समोच्च रेषा (समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेघा) खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, आणि सपाट भागात ०.५ मीटरच्या, डोंगरात १ मीटरच्या हव्यात. ड्रोनने मोजणी करणार असाल तर ती एप्रिल-मे मध्येच करा. पावसाळ्यानंतर ड्रोन जमिनीची नाही तर गवताच्या शेंड्यांची उंची टिपतो. पुरुषभर गवतात अर्धा मीटरचा ओहोळ नाहीसा होतो. दाट झाडीखालची मोजणी टोटल स्टेशननेच (जमिनीवरून मोजणी करणाऱ्या यंत्राने) करावी.

मग प्रत्येक ओढ्याचं पाणलोट आखा आणि शहर झाल्यावर त्यात किती पाणी येईल ते काढा. हिशेब सोपा आहे: वाहण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाचा वेग मिलीमीटर प्रति तास, गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येतं. समजा ४० हेक्टरचं, म्हणजे सुमारे १०० एकरांचं पाणलोट आहे आणि पाऊस तासाला ६० मिलीमीटर. आज शेत आणि झाडी असताना गुणांक ०.३ धरला तर प्रवाह २ घनमीटर येतो. उद्या छपरं आणि डांबर आल्यावर गुणांक ०.७ धरला तर तोच प्रवाह ४.६७ होतो. म्हणजे ओढा तेवढाच, पाणी सव्वादोन पटींहून जास्त. फरकाचं पाणी एक तास धरून ठेवायचं तर सुमारे ९६०० घनमीटर साठा लागतो. दीड मीटर खोलीचं तळं केलं तर ६४०० चौरस मीटर, म्हणजे दीड एकराच्या थोडी वर जागा. १०० एकरांमागे एवढी जमीन पाण्याला द्यायचीच, हे आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता. ६० मिलीमीटरचा आकडा भीती घालण्यासाठी धरलेला नाही.

ही जागा नवी खणण्यापेक्षा आहे त्या तळ्याला, पाणथळीला द्या. राष्ट्रीय पाणथळ नकाशांत २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्याच हद्दी आखलेल्या आहेत. गावतळं, म्हशी डुंबायचं डबकं, भाताचं खोलगट खाचर यांची हद्द बहुधा कुठेच आखलेली नसते. पण पूर अडवण्याचं काम या लहान जागाच मिळून करतात. त्या तुमच्या नकाशात आल्या पाहिजेत.

ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सोडायची पट्टी नियमातल्या किमान अंतरावर थांबवू नका. लहान ओहोळाला १० मीटर, दोन ओहोळ मिळून झालेल्याला १५, त्याहून मोठ्याला ३० मीटर, आणि वळणाच्या बाहेरच्या काठाला यात निम्म्याने भर, असं धरून चाला. नदी असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा मागवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाहीच. दोन्हींच्या मधला पट्टा मैदानं, रोपवाटिका, भाजीमळे यांना द्या. पूररेषा आखलेलीच नसेल तर ती आखून झाल्याशिवाय रस्त्यांची आखणी सुरू करू नका. खाडीकाठी १००० चौरस मीटरपेक्षा जास्त खारफुटी असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो.

ओढ्याचा तळ काँक्रीटने बांधू नका. पाणी वेगाने पुढे जातं आणि खालच्या गावात चढतं, शिवाय विहिरींचं मुरणं बंद होतं. रस्ता ओलांडताना ६०० मिलीमीटरचा पाइप टाकण्याची सवय आहे. तो पहिल्याच पावसात फांद्या आणि प्लास्टिकने तुंबतो. त्याऐवजी ओढ्याच्या पूर्ण रुंदीची पेटी-मोरी करा आणि तिचा तळ ओढ्याच्या नैसर्गिक तळाच्या पातळीला किंवा हातभर खाली ठेवा.

नवी मुंबईतल्या धारण तलावांतून शिकण्यासारखं आहे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी या तलावांत थांबतं आणि ओहोटीला झडपांमधून खाडीत जातं. कल्पना उत्तम. पण गाळ वेळेवर निघाला नाही, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला संरक्षण असल्याने गाळ काढणं परवानग्यांमध्ये अडकलं. म्हणून तलावाच्या तोंडाशी वेगळा गाळखड्डा ठेवा, यंत्र उतरायला उतार बांधा, आणि पहिल्या वर्षापासून दर मे महिन्यात गाळ काढा.

डोंगर आणि दिसणारा देखावा

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम होत नाही. १:५ म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, साधारण ११ अंश. उताराचा नकाशा फुकट मिळणाऱ्या ३० मीटर चौकडीच्या उपग्रह-माहितीवरून केला तर उभे कडे सरासरीत हरवतात आणि धोक्याची जमीन बांधकामयोग्य दिसते. चौकडी ५ मीटर किंवा त्याहून लहान हवी. पायथाही मोकळा सोडायचा. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही ठिकाणी दरड वरून वस्तीवर आली. पायथा कापून सपाटी करणं हे उतार सैल करण्याचं सगळ्यात खात्रीचं कारण आहे. तिथे भूवैज्ञानिकाच्या अहवालाशिवाय एक टिकाव पडू नये.

देखाव्याचं जतन हे हवेतलं बोलणं वाटतं, पण ते मोजता येतं. गावातल्या पाच-सहा जागा निवडा, जिथून लोक डोंगर रोज पाहतात: देवळाचा पार, एसटीचा थांबा, तळ्याचा बांध, बंदर. डोळ्याची उंची दीड मीटर धरा. डोंगराचा किती भाग दिसत राहायला हवा ते ठरवा आणि तिथवर सरळ रेघ काढा. उदाहरण घ्या. पाराची जमीन समुद्रसपाटीपासून २० मीटर, म्हणजे डोळा २१.५ मीटरवर. डोंगर २४०० मीटर दूर, आणि त्याचा १२० मीटरच्या वरचा भाग दिसायला हवा. रेघ ९८.५ मीटर चढते, म्हणजे दर १०० मीटरला ४.१ मीटर. पारापासून ६०० मीटरवर ही रेघ ४६ मीटर उंचीवर असेल. तिथली जमीन २४ मीटरवर असेल तर इमारत २२ मीटरपर्यंत. १२०० मीटरवर जमीन ३० मीटर असेल तर ४० मीटरपर्यंत चालतं. म्हणजे गावाजवळ बुटक्या इमारती, दूर उंच.

इथे फसगत पाण्याच्या टाकीत होते. २२ मीटर म्हणजे सात मजले असं धरून परवानगी दिली जाते, आणि वर लिफ्टची खोली, टाकी, सौर पॅनल चढतात. उंचीची मर्यादा टाकीसकट लिहा. स्टिल्टचे (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याचे) ३ मीटर, पाच मजल्यांचे १५ आणि वरचे ४, झाले २२. मर्यादा मजल्यांत न देता समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत द्या, नाहीतर आधी भराव टाकून जमीन उंचावली जाते. जाहिरातींचे फलक आणि मोबाइलचे मनोरेही याच रेषेखाली आणा.

झाडं आणि देवराई

झाडांची गणना एकट्या संख्येत करू नका. जात, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर, पसारा आणि जागा नोंदवा. नागरी क्षेत्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. पण ७० वर्षांचं वड, चिंच, आंबा किंवा ऐनाचं झाड तोडून लावलेल्या ७० रोपांनी ती सावली येत नाही. त्यामुळे रस्त्याची मध्यरेषा सरकवणं हा पहिला उपाय, तोडणं शेवटचा. पुनर्रोपण हा तर बहुधा पुढे ढकललेला मृत्यू असतो. मोठ्या झाडाची बहुतांश मुळं जागेवरच राहतात.

राखायच्या झाडाभोवती बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं कुंपण घाला. व्यास ८० सेंटीमीटर असेल तर ९.६ मीटर. कुंपण यंत्र येण्याआधी घालायचं. या वर्तुळात खडी, सिमेंटचं पाणी, डंपर, मजुरांच्या चुली काहीही नको. मुळांवर वीतभर जरी माती चढवली तरी हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं, आणि तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो.

देवराईची हद्द गावाला ठाऊक असते, कागदावर बहुधा नसते. गुरव आणि मानकरी यांच्यासमोर हद्द फिरून मोजा, ग्रामसभेचा ठराव करा, भोवती आणखी ३० मीटर मोकळे ठेवा आणि जवळ दिवे लावू नका. ‘सुशोभीकरण’ हा देवराईला असलेला मोठा धोका आहे: पेव्हर ब्लॉक, सभामंडप, आणि खालची झुडपं ‘साफ’ करणं. जैवविविधता कायदा, २००२ खाली अशा जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करून घेता येतं. सिंधुदुर्गातल्या बांबर्डे इथल्या कानळ्याच्या राईला २०२१ मध्ये तसा दर्जा मिळाला.

बांधीव वारसा

केंद्र संरक्षित स्मारक असेल तर हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हे सगळ्यांना माहीत असतं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे. अडचण आहे ती कुठल्याच यादीत नसलेल्या गोष्टींची: बारव (पायऱ्यांची विहीर), वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड), सतीशिळा, गधेगळ (गाढवाचं चित्र कोरलेला शापवाणीचा दगड), फरसबंद घाटवाट, जुनं कौलारू घर, दर्गा, क्रूस, समाधी. यांची यादी तुम्हीच करायची आणि आराखड्याला जोडायची.

वीरगळ उचलून देवळाच्या आवारात रांगेत लावणं आणि त्यांना ऑइलपेंट देणं थांबवा. दगड जिथे आहे ती जागाही पुरावा असते. बारवेच्या डागडुजीत सिमेंट नको. बऱ्याच बारवांचं बांधकाम कोरडं असतं. मागच्या मातीतलं पाणी सांध्यांतून झिरपतं आणि भिंतीवर दाब येत नाही. सांधे सिमेंटने भरले की पाणी मागे अडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत पोटात येते. मूळ सांध्यात चुना असेल तर चुनाच वापरा: निदान पंधरा दिवस भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, आणि नंतर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट.

खोदकामाच्या करारात एक कलम हवंच: जुने अवशेष, नाणी, मूर्ती सापडल्यास २० मीटरच्या परिसरातलं काम थांबेल, वस्तू हलवली जाणार नाही, मोजपट्टी ठेवून फोटो घेतले जातील, आणि तहसीलदार व पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवलं जाईल. थांबलेल्या दिवसांचे पैसे ठेकेदाराला मिळतील हेही लिहा. ते नसेल तर वस्तू रात्रीत भरावाखाली जाते. सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहेच.

गावठाण

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर, कामोठे ही गावांची नावं शहराच्या विभागांना मिळाली, हे चांगलं झालं. पण विभाग भराव टाकून उंच झाले आणि मूळ गावं खाली राहिली, म्हणून पावसाचं पाणी गावात उतरतं. यावर उपाय आखणीतच करावा लागतो. गावठाणातल्या सगळ्यात खालच्या जोत्याची पातळी मोजा, आणि भोवतालच्या रस्त्याची पातळी तिच्या किमान ३० सेंटीमीटर खाली ठेवा. भराव अटळ असेल तर गावाभोवती पाणी नेणारी चर आधी, भराव नंतर.

गावाला वाढायला जागा सोडा. कुटुंबं वाढतात. जागा नसेल तर माणसं अंगणात आणि ओसरीवर मजले चढवतात, आणि दोष त्यांनाच दिला जातो. दर कुटुंबामागे पुढच्या तीस वर्षांत किती घरं लागतील ते मोजून गावठाण विस्तार आराखड्यातच दाखवा. कोळीवाड्यासाठी जेट्टीपर्यंतची वाट, जाळी विणायची आणि मासळी सुकवायची जागा विस्ताराच्या हिशेबाबाहेर, वेगळी धरा.

हे सगळं कायद्यात बसवणं

जतनाची जागा ‘आरक्षण’ म्हणून दाखवली की काम झालं असं समजू नका. दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही तर मालक १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. त्यामुळे ओढ्याच्या पट्ट्या, उतार, पूरक्षेत्र हे आरक्षण न करता विभाग (झोन) म्हणून दाखवा, म्हणजे संपादनाचा प्रश्नच येत नाही. तळी, माळ, देवराई नगररचना परियोजनेत (जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड वाटण्याच्या योजनेत) प्राधिकरणाच्या किंवा ग्रामसंस्थेच्या नावाने अंतिम भूखंड म्हणून घाला. ज्या मालकाची जमीन यात जाते त्याला दुसरीकडे भूखंड किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क) मिळालेच पाहिजेत. एकाच शेतकऱ्याने सगळ्या शहराचा देखावा राखायचा, हे अन्यायाचं आहे आणि टिकतही नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना ३० दिवस मिळतात. तेव्हा शिवारफेरीची नोंदवही गट क्रमांकानुसार जोडून हरकत द्या. ‘निसर्ग वाचवा’ अशा हरकतीवर सुनावणीत काहीच करता येत नाही. ‘गट अमुकमधून जाणारा १८ मीटरचा रस्ता १२ मीटर पूर्वेला सरकवावा, कारण बारव’ अशा हरकतीवर निर्णय घ्यावाच लागतो. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली होणाऱ्या फेरबदलांच्या सूचनांवर नजर ठेवा. मोकळ्या जागा बहुतेक तिथूनच एकेक करून जातात.

काम सुरू असताना आणि नंतर

वरची १५ ते २० सेंटीमीटर माती आधी काढून दीड-दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा. लागवडीला तीच वापरायची. उंच ढिगात खालची माती कुजते. ओढ्याच्या पट्टीवर काँक्रीटचे खांब रोवून मगच यंत्रं आत सोडा. राडारोड्याच्या प्रत्येक खेपेची पावती घ्या, नाहीतर रात्री तो ओढ्यात जातो. मोठं मातीकाम ३१ मे पर्यंत थांबवून उघड्या उतारांवर गवत आणि गोणपाट टाका.

पुढची देखभाल कुणाकडे, हे ताबा देतानाच लिहून द्या: तळ्याचा गाळ कोण काढणार, उघाडीची किल्ली कुणाकडे, देवराईत कुणाला विचारून काय करायचं, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून. दर मे आणि ऑगस्टमध्ये मूळ नोंदवहीतल्या प्रत्येक जागी जाऊन त्याच चार दिशांचे फोटो पुन्हा घ्या आणि तळ्याची खोली, ओढ्याची रुंदी मोजा. वहीची एक प्रत पालिकेत, एक गावात ठेवा. रुंदी मीटरभराने जरी कमी भरली तरी त्याच आठवड्यात लेखी कळवा. काठावर पत्र्याची शेड उभी राहून वीजजोडणी मिळाल्यावर ती हटवायला वर्षं जातात.